खाखऱ्याच्या खोक्यात न गेलेले रोट

आमच्या घरात माणसांची मोजदाद गव्हाने होते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई बसते. त्याच्या आदल्या दिवशी घरातला कर्ता पुरुष सूप समोर घेऊन बसतो आणि कुटुंबातल्या एकेका माणसाचे नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू त्यात टाकतो. पाळण्यातल्या बाळाचीही सव्वा मूठ असते. त्या गव्हात हरभऱ्याची डाळ मिसळून दळण होते आणि रविवारी त्या पिठाचे रोट भाजले जातात. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, घराबाहेर न्यायचे नाहीत, आणि श्रावणी पौर्णिमेच्या आत संपवायचे. ताटातला चुरासुद्धा केरात जाऊ द्यायचा नाही.

लेकीचे लग्न झाले की त्या वर्षापासून तिची मूठ बंद होते. ती सासरच्या सुपात पडू लागते. हा नियम मला कधी वाईट वाटला नव्हता. माझीही मूठ अशीच एका सुपातून दुसऱ्या सुपात आली होती.

माझ्या मुलीचा घटस्फोट झाल्यावर मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सासरी तिची मूठ थांबली होती आणि माहेरी ती सुरू झाली नव्हती. ती आयर्लंडमध्ये परिचारिका आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, दर रविवारी मला फोन करते. परंतु आमच्या देवीच्या हिशेबी ती कुठेच नव्हती. पहिल्या वर्षी मी गप्प बसले. गप्प बसणे ही माझी जुनी सवय आहे. सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत असे. पण शिक्षकांच्या खोलीत चहा थंड झाला आहे एवढे सांगण्याचेही धाडस मला होत नसे.

घरी तर बोलण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी थेट बोलायचे नसते. माझे मोठे दीर, ज्यांना सगळे आबा म्हणतात, नवागामला राहतात. त्यांनी उमेदीची सारी वर्षे लूमवर काढली आणि दोन धाकट्या भावांना गावाहून आणून सुरतेत उभे केले. त्यांतला मधला भाऊ म्हणजे माझे यजमान. ते जाऊन सहा वर्षे झाली. लग्नाला तेहतीस वर्षे झाली तरी आबांशी मी एक वाक्य सरळ बोलले नव्हते. काही सांगायचे असेल तर जाऊबाईंना, म्हणजे जिजींना सांगायचे. आबा समोर असले तरी त्या ते पुन्हा त्यांना सांगणार आणि त्यांचे उत्तर पुन्हा मला. एकाच खोलीत तिघे बसलेले असताना हे चाले, आणि त्यात कुणाला काही विनोदी वाटत नसे.

गेल्या श्रावणात, त्या शनिवारी, आबांनी नेहमीप्रमाणे सूप पुढे घेतले. एकेक नाव, एकेक मूठ. माझे नाव आले, माझी मूठ पडली. शेवटी धाकट्या दिरांच्या नातवाची मूठ पडली आणि आबांनी हात झटकले. मी भिंतीशी बसले होते. उठले, पोत्यात हात घातला आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकले. विचार करून टाकले असे म्हणता येणार नाही. विचार केला असता तर मी उठलेच नसते.



"हाई कोनी मूठ?" आबांनी जिजींना विचारले. ही कुणाची मूठ, असा त्यांचा प्रश्न होता.

मी जिजींकडे पाहूनच उत्तर दिले, "माझ्या लेकीची."

"तिले सांग," आबा म्हणाले, "पोर दिधी म्हंजे दिधी. तिनी मूठ आपला घरमा नही."

"जिजी, त्यांना सांगा," मी म्हटले, "दिली होती. ती परत आली आहे."

"आयर्लंडले गयी ती, परत कोठे उनी?" धाकट्या जावेने मागून चिमटा काढला आणि दोघीतिघी हसल्या.

आबांनी सुपात पाहिले. मीही पाहिले. गव्हात गहू मिसळला होता. कोणता दाणा कुणाचा हे सांगायला देवी स्वतः आली असती तरी तिला जमले नसते. पोत्यात परत ओतावे तर सगळ्या घराच्या मुठी परत गेल्या असत्या, आणि तसे करणे हा अपशकुन. आबांनी सूप जिजींकडे सरकवले. मग म्हणाले, "ठीक शे. पन तिले सांग, रोट घरबाहेर जावाव नही."

रविवारी रोट झाले. वाटणीत माझ्याकडे माझे पाच आले आणि मुलीच्या मुठीचे पाच. जिजींनी डबा माझ्या हातात देताना हळूच सांगितले, "तिना वाटाना तूच खाई ले. पोटमा गया म्हंजे झाये." त्या वाईट बाई नाहीत. त्यांनी मला पळवाट दाखवली होती, आणि ती सोपीही होती. घरी येऊन मी माझे दोन रोट खाल्ले. तिच्या रोटांना हात लावला तेव्हा मला जाणवले की मी हे खाल्ले तर शनिवारी सुपाशी उठून काहीच केले नाही असे होईल.

पौर्णिमा पुढच्या रविवारी होती. हाताशी सात दिवस होते.

सोमवारी सकाळी मी पर्वत पाटियाला गेले. तिथे कापड बाजाराच्या आसपास परदेशी पार्सल घेणारी अनेक दुकाने आहेत. ज्या दुकानात मी गेले ते एका चाळिशीतल्या गुजराती गृहस्थांचे. चष्मा कपाळावर, हातात चिकटपट्टीचे रीळ. राखीचा आठवडा असल्यामुळे टेबलावर लिफाफ्यांचा ढीग होता. भिंतीवर काय जाते आणि काय जात नाही याची यादी लावलेली होती. शिक्षकी सवयीने मी ती आधी पूर्ण वाचली. द्रव पदार्थ नाही, अत्तर नाही, सुटी बॅटरी नाही, रोकड नाही, दागिने नाहीत, बियाणे नाही, रोप नाही, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध नाही. रोटाचे नाव नव्हते याचा मला अकारण आनंद झाला.

मी डबा उघडला. वर प्रसादाच्या खोबऱ्याची अर्धी वाटी होती. गृहस्थांनी ती पहिल्यांदा बाजूला काढली.

"सूखा नारियल नहीं जाएगा, मेडम."

"का?"

"तेल होता है इस में. विमान में गरम होके आग पकड़ सकता है. रूल है."

"अहो, पण आमची देवीच नारळाची असते," मी म्हणाले. कानबाई म्हणजे नारळ. त्याला नथ घालतात, लुगडे नेसवतात. हे सांगावे की नाही अशा विचारात मी ते सांगूनही टाकले.

"तो देवी को यहीं रखिए ना," ते अत्यंत समजूतदारपणे म्हणाले. "वो किधर जाने वाली है? सूरत में ही ठीक है."

मग त्यांनी एक रोट उचलून बोटाने दाबला आणि मान हलवली. "नरम है. तीन दिन में फूग लग जाएगी, बुरशी. घी लगाया है?"

"नाही."

"वो अच्छा किया. दूध-घी का कुछ भी उधर नहीं जाता. अब ये एकदम कड़क करके लाओ. खाखरा जैसा. तब ले लूँगा."

मी घरी परतले आणि दुपारभर तिचे पाचही रोट मंद आचेवर पुन्हा भाजले. कापडाच्या बोळ्याने दाबत, कडेपासून मध्यापर्यंत, पापड भाजावा तशा सावधपणे. भाजलेला रोट पुन्हा तव्यावर घालावा की घालू नये याविषयी आमच्याकडे काही नियम आहे का, हे मला माहीत नव्हते. जिजींना विचारता आले असते. मी विचारले नाही. उत्तर 'नाही' आले असते तर ते पाळावे लागले असते.

मंगळवारी मी पुन्हा त्या दुकानात उभी होते. रोट आता वाजवले तर वाजत होते. गृहस्थ प्रसन्न झाले. त्यांनी टेबलाखालून खाखऱ्याचे एक रिकामे खोके काढले; रंगीत, छापील, मागे घटकांची यादी आणि बनवल्याची तारीख असलेले.

"इस में रख देता हूँ. फॉर्म में खाखरा लिख देंगे. चार दिन में पहुँच जाएगा."

"पण हे खाखरे नाहीत."

"मेडम, सूरत से जो भी गोल और कड़क जाता है वो खाखरा ही है," ते म्हणाले आणि स्वतःच हसले. "सब ऐसे ही भेजते हैं. घर का बना लिखेंगे तो उधर कस्टम वाला खोलेगा, पूछेगा, रोक के रखेगा. पैकेट देखेगा तो जाने देगा."

"किती दिवस रोखतील?"

"वो तो उस की मरजी. दो दिन, पाँच दिन. आपको जल्दी है ना?"

मला घाई होती. शुक्रवारी-शनिवारी पोहोचले तर पौर्णिमा साधणार होती, आणि मी एवढा आटापिटा करून निदान एक नियम तरी पाळू इच्छित होते. खोके टेबलावर होते. माझ्या मागे राखीचे लिफाफे घेतलेल्या तीन-चार बायका उभ्या होत्या आणि त्यांतली एक माझ्या खांद्यावरून डोकावून पाहत होती. माझा स्वभाव पाहता मी मान हलवून मोकळी होणार, हे मला स्वतःलाही ठाऊक होते.

परंतु त्या छापील खोक्याकडे पाहताना मला गेली दोन वर्षे आठवली. माझी मुलगी परदेशी एकटी का गेली याची आमच्या नात्यात किती निरनिराळी वेष्टणे तयार झाली होती! ती पुढच्या शिक्षणासाठी गेली आहे. जावईबापू मागून जाणार आहेत. त्यांचा व्हिसा अडकला आहे. ही वेष्टणे इतरांनी तयार केली, पण चिकटपट्टी मीच लावत आले. गल्लीत कुणी विचारले की मी 'हो, हो' म्हणायचे. तिला एकदा फोनवर हे कळले तेव्हा ती रागावली नाही, फक्त म्हणाली, "आई, मी काही चोरी केलेली नाही." तिच्यासाठी मी भर खोलीत गहू टाकले होते आणि आता तेच रोट दुसऱ्याच्या खोक्यात लपवून पाठवणार होते.

"साधं पांढरं खोकं द्या," मी म्हणाले. "आणि जे आहे तेच लिहा. घरी केलेली भाकरी; गहू आणि हरभरा डाळ; तूप नाही, दूध नाही; घरच्या माणसासाठी, विक्रीसाठी नाही."

"मेडम, सच लिखने से लेट होगा."

"होऊ द्या."

"फिर मेरे को फोन नहीं करना, कि भाई कहाँ अटका."

"नाही करणार."

मागची बाई गुजरातीत दुसरीला म्हणाली, "मास्तरणी लागे छे." शिक्षिका दिसते! आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाने मला संकोच वाटला नाही. मी अर्जावरची इंग्रजी वाक्ये स्वतः लिहिली, दोनदा तपासली आणि सही केली.

त्यांनी सांगितल्याप्रमाणेच झाले. पार्सल मुंबईहून सुटले, शुक्रवारी आयर्लंडला उतरले आणि तिथे थांबले. मोबाइलवर तेच एक वाक्य दिसत राहिले: कस्टम तपासणीसाठी रोखले आहे. मुलीला त्यांचा ई-मेल आला. तिने घटक पुन्हा कळवले. शनिवार-रविवार तिथे सुट्टी. मी खोट्या खोक्याचा विचार केला नाही असे नाही. शनिवारी दिवसभर केला.

रविवारी, पौर्णिमेच्या सकाळी, जिजींचा फोन आला. दर वर्षी येतो. आबा प्रत्येक घरी विचारायला लावतात आणि प्रत्येक घरून 'संपले' असे उत्तर गेल्यावरच जेवायला बसतात.

"रोट सरनात का वं?"

एक 'हो' पुरेसे होते. माझे खरोखरच संपले होते. आणि दूर देशातल्या एका गोदामात काय पडले आहे हे नवागामला कुणाला कळणार होते?

"नाही," मी म्हणाले.

"कितला ऱ्हायनात?"

"पाच."

"मंग खाई ले ना माय, सांजलोंग टाइम शे."

"ते घरात नाहीत, जिजी."

जिजींनी फोन कानापासून दूर केला. मग आबांचा आवाज आला, "काय म्हनस ती?" जिजी काहीतरी पुटपुटल्या. आता जिजी मला विचारणार, मी जिजींना सांगणार, जिजी त्यांना सांगणार, आणि तिघांच्या तोंडून जाताना माझे उत्तर इतके मऊ होणार की त्यात माझी लेक शिल्लक राहणार नाही, हे मला दिसत होते.

"जिजी, फोन आबांना द्या."

"आं?"

"आबांना द्या. मी त्यांच्याशी बोलते."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. फोनवर कोण पाहणार होते, तरी ओढला.

"बोल," आबा म्हणाले. तेहतीस वर्षांत त्यांनी मला उद्देशून उच्चारलेला हा पहिला शब्द.

"आबा, पाच रोट आयर्लंडला आहेत. माझ्या लेकीचे. मी पाठवले. ते कस्टममध्ये अडकले आहेत, आज पोहोचणार नाहीत. पोहोचतील तेव्हा ती ते खाणार आहे. पौर्णिमा उलटली तरी खाणार आहे."

"मी नही सांगेल व्हतं?"

"सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

ते थांबले. रागावून थांबले की विचार करत, हे मला त्यांच्या श्वासावरून ओळखता आले नाही. तो आवाज मला तेवढा परिचयाचाच नव्हता. मग ते म्हणाले, "घरवर काही उनं, त?" घरावर काही संकट आले तर? त्यांच्या स्वरात धमकी नव्हती. त्यांना खरीच भीती वाटत होती. माझे यजमान अकाली गेल्यापासून वाटत असावी. मला त्यांच्याविषयी माया वाटली आणि तरीही मी मागे सरले नाही.

"आलं तर माझ्या घरावर येईल, आबा. माझं घर म्हणजे ती आणि मी. तुमच्या घराचे रोट संपले आहेत. तुम्ही जेवून घ्या."

"मंग पुढला साले तुम्ही तुमनी कानबाई येगळी बसाडा."

"बसवीन," मी म्हणाले.

फोन बंद झाला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. एकट्या विधवेने कानबाई बसवल्याचे आमच्या भाऊबंदकीत मी तरी ऐकलेले नाही. विसर्जनाला देवीचा रथ कोण उचलणार, गाणी कोण म्हणणार, मूठ कोण टाकणार, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. पण शब्द परत घ्यावा असे एकदाही वाटले नाही. ते मी आज लिहून ठेवते आहे, म्हणजे उद्या माझे मलाच नाकारता येणार नाही.

मंगळवारी पार्सल तिच्या दारात पोहोचले. तिने व्हिडिओ फोन लावला. ती नुकतीच ड्यूटीवरून आली होती, निळा गणवेशही उतरवला नव्हता. खोक्यावर कस्टमची पट्टी होती. कुणीतरी ते उघडून, पाहून, पुन्हा नीट बंद केले होते. दोन रोट अख्खे होते, तिनांचे तुकडे झाले होते. तिने एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"आई, दात पडतील गं माझे."

"चहात बुडव."

"रोट चहात? आबांनी ऐकलं तर?"

"आबांशी माझं बोलणं झालं आहे," मी म्हणाले. ती चावायची थांबली. कुणाच्या मार्फत, असे तिने विचारले नाही. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळले असावे. मी तिला सगळे सांगितले, वेगळ्या कानबाईपर्यंत. मग तिने डोळे पुसले आणि चहा आणायला उठली.

परत आली तेव्हा तिच्यासोबत तिची घरसोबतीण होती. केरळची मुलगी, तिच्याच रुग्णालयात काम करणारी. कोर्टाचे कागद आले त्या आठवड्यात हिने माझ्या मुलीला जेवू घातले होते, तिची कामाची पाळी स्वतः केली होती. मी सुरतेत बसून गल्लीला व्हिसाची गोष्ट सांगत होते तेव्हा ही तिच्या उशाशी बसली होती.

"आई," मुलीने मराठीत विचारले, "ही विचारतेय, काय आहे म्हणून. हिला द्यायचा का एक? की चालत नाही?"

चालत नाही. रोट भाऊबंदांशिवाय कुणाला द्यायचा नाही, हा नियम मला पाळण्यातल्या बाळाला भूक कळावी तितका आतून माहीत आहे. घराबाहेर न्यायचा नियम मी मोडला, पौर्णिमेचा मोडला. पण हा तिसरा मोडण्याची माझी तयारी नव्हती. हा मला स्वतःला प्रिय होता. याच नियमाच्या बळावर तर मी माझ्या लेकीला घरातले माणूस ठरवले होते.

पडद्यावर दोघी माझ्या उत्तराची वाट पाहत होत्या. त्या परक्या मुलीच्या हातात दोन कप होते.

"तुकडा देऊ नकोस," मी म्हणाले. "दोन अख्खे आहेत ना, त्यांतला एक दे."

आबांना हे अजून मी सांगितलेले नाही. विचारले तर सांगेन, आणि सरळ त्यांनाच सांगेन.